दादाच्या आवाजाचा बॅकअप

कम्प्युटर बिघडला की नातेवाइकांना माझी आठवण येते. वर्षभर ज्याचा पत्ता नसतो असा चुलतभाऊ फोन करून ‘काय, बरा आहेस ना?’ म्हणाला, की मी समजून जातो, याचा प्रिंटर रुसलाय. मी औषधांच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फायली एका ठिकाणी ठेवणारं, कधीही न झोपणारं यंत्र. तसंच एक छोटं मी घरीही ठेवलं होतं, जिन्याखालच्या कपाटात, जुन्या पिशव्या आणि छत्र्यांच्या शेजारी. घरात मी एकटाच. त्याची ती बारीक घरघर मला सोबतीसारखी वाटायची. आणि ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला मी नाक वर करून विचारायचो, “बॅकअप घेतलाय का? नाही ना? मग उद्या माझ्याकडे रडत येऊ नका.”

आता तसलं काम घेऊन कुणी आलं, की मी डोकं दुखतंय म्हणतो. तुम्हालाही मघाशी तेच सांगणार होतो. पण तुम्ही चांगले वाटलात, आणि कधीतरी कुणालातरी हे सांगायलाच हवं. तो लॅपटॉप पिशवीतच राहू द्या. बसा.

माझा मोठा भाऊ, दादा, शाळेत चित्रकला शिकवायचा. आणि त्याची एकुलती एक मुलगी जन्मापासून आंधळी. लोक हळहळायचे. दादा हसून म्हणायचा, “बरंय की. घरात तरी माझ्या चित्रांना कुणी नावं ठेवत नाही.” तिला आम्ही सगळे बबडी म्हणतो. बबडीनं काही विचारलं, की उत्तर द्यायचंच, टाळायचं नाही, हा त्याचा नेम. ‘तुला नाही कळायचं’ हे वाक्य त्या घरात मी कधी ऐकलं नाही. तांबडा म्हणजे चटका बसायच्या आधी हाताला जे कळतं ते. निळा म्हणजे उन्हातून आल्यावर गार फरशीवर टेकवलेले पाय. राखाडी म्हणजे आई रागावलेली नसते पण बोलतही नसते, तेव्हाचं घर. बबडी हे असं शिकली, आणि तिला ते सगळं पाठ होतं.

फुफ्फुसांचं दुखणं लक्षात आलं तोवर ते फार पुढं गेलं होतं. मग दादानं एक साधा माइक आणला आणि घरच्या कम्प्युटरसमोर बोलायला बसला. मोठी झाल्यावर बबडी काय काय विचारेल, याचा अंदाज बांधून तो बोलत राहिला. समुद्र दिसतो कसा. आरशात माणूस बघतो काय. आई हसते तेव्हा तिच्या चेहऱ्याचं काय होतं. लाजलेलं माणूस कसं ओळखायचं. बोलता बोलता त्याला दम लागायचा, तेवढा वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. तो गेला, आणि त्यानंतर बबडी शाळेतून आली की कम्प्युटरसमोर बसायची, बोटांनी कळा चाचपायची आणि एकेक रेकॉर्डिंग लावायची. वहिनी म्हणायच्या, निदान तेवढा वेळ घरात तिघं आहोत असं वाटतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी वहिनींचा फोन आला.

“भावजी, कम्प्युटर कुरकुर करतोय हो. आत कुणी दात खाल्ल्यासारखा आवाज येतो.”

“डिस्क म्हातारी झालीय, वहिनी. बंद करून ठेवा, मी येऊन घेऊन जातो. सगळं माझ्या सर्व्हरवर उतरवून ठेवू.”

“त्यातलं काही जाणार नाही ना?”

“मी असताना?” मी म्हणालो.

कम्प्युटरची पेटी उचलून मी निघालो, तेव्हा बबडी दारापर्यंत आली. पेटीच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, “काका, गाडी हळू चालव. बाबांना खड्ड्यांचा त्रास व्हायचा.” मी हसून तिच्या डोक्यावर टपली मारली. पण गाडी हळूच चालवली.

काम अगदी सोपं होतं. दादाचा कम्प्युटर माझ्या नेटवर्कला जोडायचा, सर्व्हरवर त्याच्यासाठी एक रिकामा फोल्डर करायचा आणि एका ओळीची आज्ञा द्यायची. त्या ओळीत आधी लिहायचं ‘कुठून’, मग लिहायचं ‘कुठं’. आणि शेवटी एक खूण, जिचा अर्थ असा, की दोन्हीकडे अगदी सारखं कर. तिथं जास्तीचं काही असेल तर पुसून टाक. ऑफिसात माझं रोजचं काम याच्या उलटं असतं. नवं मशीन आलं की सर्व्हरवरचं सगळं त्यात भरायचं. त्यामुळं माझ्या बोटांना एकच वळण, आधी सर्व्हर, मग मशीन. घराला कुलूप लावताना आपण जेवढा विचार करतो, तेवढाच मी ती ओळ लिहिताना करतो.

त्यात वहिनींचा परत फोन आला होता. किती वेळ लागेल, विचारत होत्या. खांद्याशी फोन दाबून धरत मी ओळ लिहिली आणि बटण दाबता दाबता म्हणालो, “झालंच समजा.”

“एवढ्यात?”

“मग? काम कुणाकडे दिलंय?”

“जीव भांड्यात पडला बाई,” त्या म्हणाल्या. “बबडीला सांगते.”

फोन ठेवला आणि मग मी पडद्याकडे नीट पाहिलं. इतक्या फायली इतक्या लवकर जात नाहीत. सर्व्हरवरचा फोल्डर उघडला. रिकामा. दादाच्या कम्प्युटरवरचा उघडला. तोही रिकामा. भरलेल्यातून रिकाम्यात जायचं होतं, आणि मी रिकामं भरलेल्यावर उतरवलं होतं. दोन्हीकडे अगदी सारखं झालं होतं. सांगितलं तेच यंत्रानं केलं होतं.

पुसलेलं परत मिळवायची औजारं असतात, ती सगळी मी चालवली. मग डिस्क बाहेर काढली, दुसरीकडे जोडली, पुन्हा चालवली. ती एकदा खरवडल्यासारखी वाजली आणि थांबली, ती कायमचीच. दुसरी प्रत कुठंच नव्हती. ती करण्यासाठीच तर मी ती पेटी आणली होती.

तेव्हाच फोन उचलून सांगायला हवं होतं. उचललाही. पण ‘मी असताना?’ हे माझेच शब्द माझ्या आडवे आले. वहिनींचं काय होईल, बबडीचं काय होईल, याच्या आधी माझं काय होईल हे मनात आलं. सगळ्या नात्यागोत्यात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे. हे तुम्हाला सांगतानासुद्धा तुमच्याकडे बघवत नाही मला.

मग थापा सुरू झाल्या. प्रत झालीय, पण एक पार्ट मागवलाय. पार्ट आलाय, पण चुकीचा आलाय. बबडी रोज संध्याकाळी फोन करायची आणि एकच विचारायची, “काका, बाबा कधी परत येणार?” ती कम्प्युटरबद्दल विचारत असायची, हे मला माहीत होतं. तरी दर वेळी मी ‘लवकरच’ म्हणून घाईनं फोन ठेवायचो.

असाच एक दिवस ऑफिसातून घरी आलो. अजून बाहेर उजेड होता. दार उघडलं आणि पहिल्यांदा वास आला. मेणबत्ती विझवल्यावर वातीतून येतो ना, तसा. माझ्या घरात मेणबत्ती नाही. मी ओट्याजवळ जाऊन गॅस बघितला, मग प्लग बघितले. आणि मग लक्षात आलं, की कपाटातून आवाज येतोय. नेहमीची घरघर नव्हे. डिस्क भराभरा चालते तेव्हाची करकर, न थांबणारी. कपाटाचं दार उघडलं तर हिरवा दिवा इतक्या जोरात लुकलुकत होता, की छत्र्यांच्या सावल्या हलत होत्या.

मी कुठलंच काम लावलेलं नव्हतं. पडद्यावर पाहिलं. फायली येत होत्या. एकामागून एक, सावकाश. कुठून येतायत ते वाचलं आणि मान वळवून टेबलाकडे पाहिलं. दादाचा कम्प्युटर तिथं होता, झाकण उघडं, आत डिस्कची जागा मोकळी, वायर गुंडाळून वर ठेवलेली. मी ती वायर हातात घेऊन तिचं टोक बघितलं. भिंतीपासून हातभर लांब होतं ते.

पहिली फाईल लावली. आधी नुसता श्वास. मग… “बबडे… आहेस ना ग?”

दादाचा आवाज. त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

मी लगेच बंद केलं. तुम्ही म्हणाल, भीती वाटली असेल. वाटायला हवी होती. पण मी खुर्चीत बसून ढसाढसा रडलो, सुटलो म्हणून. मग स्वतःला पटेल असं कारणही तयार केलं, की सर्व्हरनं कुठंतरी तात्पुरती प्रत ठेवली असणार, तीच वर येतेय. असं काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं ऐकलं नाही. ते बबडीसाठी आहे, आपण कशाला, असं मनाला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की त्या आवाजापुढं बसायची मला लाज वाटत होती.

त्याच संध्याकाळी माझा एक जुना लॅपटॉप घेऊन वहिनींकडे गेलो. तो माझ्या घरच्या सर्व्हरला जोडून दिला, म्हणजे फायली तिथून इथं वाजतील. बबडीनं पहिली लावली, आणि आवाज आल्याबरोबर तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. वहिनी मला दारापर्यंत सोडायला आल्या.

“भावजी, तुम्ही नसतात तर…”

मी चपलेच्या पट्ट्याशी उगाच खटपट करत राहिलो.

थोडे दिवस बरे गेले. सर्व्हरवर रोज नव्या फायली येत होत्या, वहिनींचा आवाज फोनवर मोकळा झाला होता, आणि मीही जरा ताठ चालायला लागलो होतो. मग एकदा त्यांनी ऑफिसात फोन केला. दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीवर त्या काम करतात, कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत.

“भावजी, बबडी त्याच्याशी बोलते हो.”

“मुलं बोलतात, वहिनी. आवाज ऐकला की…”

“तसं नव्हे. आधी नुसती ऐकायची. आता दार लावून घेते. बोलते, मध्येच थांबते, परत बोलते.” त्यांनी आवाज खाली आणला. “मी बाहेर उभी राहून ऐकलं. ती उत्तरं देते.”

अर्धी रजा टाकून मी गेलो; वहिनीही रजा घेऊन घरी आल्या होत्या, आणि बबडी शाळेतून आली होती. टळटळीत दुपार होती. बबडीच्या खोलीत पडदे उघडे, सगळीकडे ऊन. ती पलंगावर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप.

“काय ऐकतेस ग?” मी विचारलं.

“हळू बोल, काका. बाबा दचकतात.” मग म्हणाली, “ऐकत नाहीये. सांगतेय.”

“काय सांगतेस?”

“निळा काल झाला. तांबडा त्याच्या आधी. बाबांना काही आठवत नाही रे. सगळं होतं म्हणतात, आणि मग एकदम… कुणी फडकं फिरवल्यासारखं झालं. आता नुसता अंधार. म्हणून मी सांगते. त्यांनीच मला शिकवलंय ना.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “जुनी रेकॉर्डिंगं आहेत ती, बबडे. आजारपणातली.”

“नाहीत,” ती शांतपणे म्हणाली. “जुन्यात पंखा वाजायचा. खिडकीतून रस्ता ऐकू यायचा. बाबा भिंतीकडे तोंड करून बोलतायत की दाराकडे, तेसुद्धा कळायचं मला. आता ते बसलेत त्या खोलीला भिंतीच नाहीत, काका. आवाज कुठं आपटतच नाही.”

तिनं कळ दाबली.

“…हं… बरं…” दादाचा आवाज. दमलेला, पण त्याचाच. “आणि… हिरवा कसा असतो ग?”

मग काही नाही. खरखर नाही, श्वास नाही. मी इतकी शांतता कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेली नाही; यंत्रसुद्धा काहीतरी आवाज करतंच. बबडी त्या शांततेत वाकून म्हणाली, “हिरवा म्हणजे बाबा, पान चुरगाळल्यावर बोटांना जे चिकटतं ना, ते.”

ती थांबली.

“चुरगाळल्यावर…” लॅपटॉपमधून आवाज आला. “हं… हं… आणि?”

ती फाईल सर्व्हरवर आदल्या दिवशीच येऊन पडलेली मी स्वतः पाहिली होती. बबडीनं उत्तर देण्याच्या आदल्या दिवशी.

ती उठली आणि कपाटाकडे गेली. तिच्या कपड्यांना वहिनींनी कॉलरच्या आत वेगवेगळी बटणं शिवून दिली होती. बटण चाचपायचं आणि रंग ओळखायचा. तिनं एक झगा बाहेर काढला, बटणावर बोट फिरवलं आणि तशीच उभी राहिली.

“काका, गोल बटण म्हणजे तांबडा. पण तांबडा म्हणजे काय?”

मला वाटलं, चेष्टा करतेय.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. कपाळावर बोटं दाबून ती आठवत होती. “हाताचं काहीतरी होतं… बाबांनी सांगितलेलं… काय होतं रे?”

मी तिला सांगितलं. चटका बसायच्या आधी हाताला जे कळतं ते. तिनं मान हलवली, पण परक्या गावाचं नाव ऐकावं तशी. त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

तेव्हा मला उमगलं. प्रत म्हणजे इथलं इथं राहून तिथंही गेलं पाहिजे. इथं तसं होत नव्हतं. तिकडे भरत होतं आणि इकडे रिकामं होत होतं. मी फक्त आवाज पुसला नव्हता. तो जिथं कुठं होता, तिथं त्याच्यापाशी जे काही उरलं होतं, ते मी त्या एका ओळीनं पुसलं होतं. आणि आता तो ते आपल्या मुलीकडून परत घेत होता, घेतोय हे त्याला ठाऊक नसताना. दादा जाणूनबुजून तिचं एक अक्षरही घेणार नाही. हे सगळं माझं काम होतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. ठरवूनच गेलो, की आता सांगायचं. वहिनी ओट्याशी भांडी विसळत होत्या.

“वहिनी, मला… त्या दिवशी ते… म्हणजे काय झालं…”

त्या पदराला हात पुसत वळल्या. “बसा ना. तुम्हाला एक सांगू, भावजी? हे गेल्यापासून पहिल्यांदाच मला नीट झोप लागायला लागलीय. बबडीचं मघाचं सांगितलं, ते मनावर घेऊ नका. तुमच्यावर माझा भरवसा आहे.”

आणि मी म्हणालो, “जरा चहा मिळेल का?”

चहा प्यायलो. बशीसुद्धा पुसून ठेवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते त्या दिवशी मला अक्षरशः वाटत होतं. घरी आलो तो तडक कपाटाशी गेलो आणि सर्व्हरची वायर ओढून काढली. डिस्का बाहेर काढल्या, टॉवेलात गुंडाळल्या, ट्रंकेत घातल्या, ट्रंकेला कुलूप लावलं. घर इतकं शांत झालं, की नळाचा थेंब ऐकू येऊ लागला. संपलं, मला वाटलं. बबडी रडेल, आणि हळूहळू विसरेल. वहिनींना काय सांगायचं तेही मी ठरवून ठेवलं. सर्व्हर जळाला म्हणायचं. बघा, एवढं होऊनही मी पुढची थाप जुळवत बसलो होतो.

तिन्हीसांजेला फोन वाजला. बबडी.

“काका, बाबांना तू आठवत नव्हतास.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी सांगितलं. तू मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायचास, ते. तुझ्या खिशात गोळ्या असायच्या, ते. तू शीळ वाजवत जिना चढतोस, ते. थोडंच राहिलंय आता.”

“बबडे, लॅपटॉप बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

“बंदच आहे. तू गेल्यावर आईनं तो कपाटात ठेवला.”

ट्रंक माझ्या समोर होती. कुलूप जागच्या जागी होतं.

“काका…” तिचा आवाज अगदी हळू झाला. “बाबांना एक विचारायचंय. दिवा कुणी घालवला, असं विचारतात. मी म्हटलं, मला कसं कळणार? मला दिवा असतो कधी आणि नसतो कधी ते कळत नाही. मग म्हणाले, काकाला विचार.”

तो वास परत आला. विझलेल्या वातीचा. या वेळी खूप जवळून.

“सांग ना. बाबा थांबलेत.”

एक शब्द पुरे होता. ‘मी’ एवढाच. मला अजून वाटतं, तो शब्द मी उच्चारला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. दादा लहानपणीही असाच होता. घरात काही फुटलं की तो मारत नसे, ओरडत नसे. नुसता विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचा. पण वहिनी पलीकडेच असतील, बबडी त्यांना सांगेल, हे माझ्या मनात आलं. एवढ्या भीतीतसुद्धा तेच मनात आलं.

“मला… मला नाही माहीत, बबडे,” मी म्हणालो.

तिनं फोन कानापासून दूर नेल्याचा आवाज झाला. “नाही माहीत म्हणतो,” ती कुणाला तरी म्हणाली. मग तिथंच, हळू आवाजात, उरलेलं सांगत राहिली. मला तुटक तुटक ऐकू येत होतं. “…हात खरखरीत आहेत त्याचे… हसतो तेव्हा आधी नाकातून हसतो… आणि बाबा, तो कधीच खोटं बोलत नाही…”

मी हाका मारत होतो. बबडे, थांब. बबडे, माझं ऐक.

मग ती परत फोनवर आली.

“हॅलो? कोण बोलतंय?”

“बबडे… मी.”

“मी म्हणजे कोण?” ती म्हणाली. “थांबा हं, आईला देते.”

डॉक्टर म्हणतात, वडील गेल्याचा धक्का उशिरा बसला. वहिनींना ते पटलंय. दादाबद्दल विचारलं तर बबडी सांगते, माझे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. धड्यातलं वाक्य म्हणावं तसं सांगते. रंगांचं ती आता विचारतही नाही. सर्व्हर मी मोडीत घातला, डिस्का ठोकून सपाट केल्या. नवं काही येत नाही. येण्यासारखं काही उरलंही नसेल.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जातो. दर वेळी नव्यानं ओळख करून देतो, की मी तुझ्या बाबांचा भाऊ. ती नीट वागते, पाणी आणून देते. आणि दर वेळी मी ठरवून जातो, की आज वहिनींना सांगायचं, आणि चहा पिऊन परत येतो. वहिनी म्हणतात, ‘तिनं ओळखलं नाही तरी तुम्ही येणं सोडलं नाहीत, हे फार मोठं मन आहे तुमचं.’ ते ऐकून मी घरी येतो आणि जेवण जात नाही.

गेल्या खेपेला मी बेल वाजवली, तेव्हा दार बबडीनं उघडलं. मी काही बोलायच्या आतच तिनं मान जराशी तिरकी केली, कान देऊन ऐकते तशी.

“तुम्ही त्या दिवशीचे ना? या,” ती म्हणाली. “आणि बरोबर कोण आहे?”

“कुणी नाही. मी एकटाच आहे.”

“मागं उभे आहेत ते.”

मी वळून पाहिलं. जिना मोकळा होता, खालपर्यंत. खिडकीतून पायऱ्यांवर ऊन पडलं होतं.

“बोलत नाहीयेत,” बबडी हलक्या आवाजात मला म्हणाली, त्यांना ऐकू जाऊ नये अशी. “पण काहीतरी विचारून थांबल्यासारखे वाटतात. तुम्ही त्यांना उत्तर का देत नाही?”

मी मान खाली घातली आणि तिच्या बाजूनं आत गेलो. तिनं दार लगेच लावलं नाही. आणखी एक माणूस चपला काढून आत येईल, तेवढा वेळ ती ते धरून उभी राहिली, आणि मग लावलं.